गाडी चालवताना ड्रायव्हरला अटॅक आला आणि अपघात झाला, तर क्लेम कोण करू शकतं, कुठे आणि कागद काय लागतात

ड्रायव्हरला स्टेअरिंगवरच अटॅक येतो, गाडी समोरच्या बाइकवर जाते, ड्रायव्हरही जातो, आणि मग बाइकवाल्याच्या घरच्यांना कोणीतरी हमखास सांगतं की आता केस करणार कोणावर, देवाची करणी. असं काही नाहीये. ड्रायव्हर वारला म्हणून गाडीची थर्ड पार्टी पॉलिसी (गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) वारत नाही, क्लेम गाडीमालक (तोच वारला असेल तर त्याचे वारस) आणि इन्शुरन्स कंपनी यांच्यावर लागतो.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे जिल्हा कोर्टातच. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही चालतो. कायद्यात मुदत 6 महिन्यांची आहे, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय पण त्या भरवशावर बसू नका.

खरी मेख मोटार वाहन कायद्याच्या कलमात आहे. कलम 166 खाली रक्कम वय आणि कमाईवर ठरते, कमावता माणूस गेला तर ती बरीच मोठी होऊ शकते, पण ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि कंपनी नेमकं हेच पकडते की अटॅक अचानक आला, यात चूक कसली. आता खरंच आधी काही त्रास नसेल तर हा बचाव टिकू शकतो. पण फिट यायच्या, चक्कर यायची, डॉक्टरांनी गाडी चालवू नका सांगितलेलं आणि तरी चालवली, तर तो सरळ निष्काळजीपणा. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिट, बेशुद्धी, चक्कर याबद्दल विचारलेलं असतं आणि खाली सही असते (तो किती जण वाचून भरतात हा वेगळाच विषय), ती घोषणा इथे कामाला येते.

कलम 164 मध्ये चूक कोणाची हा प्रश्नच नाही. मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेले. किरकोळ दुखापत यात बसत नाही. मात्र कंपनीकडून 164 चे पैसे एकदा स्वीकारले की तुमचा 166 चा दावा संपतो, म्हणून तेराव्याच्या आधीच कोणी सही मागायला आलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. माझ्या मते ड्रायव्हरच्या जुन्या आजाराचा पुरावा हाती असेल तर 166, नाहीतर 164 घेऊन मोकळं व्हावं.

कागद: एफआयआर, स्पॉट पंचनामा, गाडीचं आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स. पोलिसांनी पहिला रिपोर्ट 48 तासांत आणि सविस्तर रिपोर्ट 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, त्याची कॉपी मागाच. तुमच्याकडून आधार, वयाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, बँक पासबुक, मृत्यू असेल तर मृत्यू दाखला, पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्ट आणि वारसांचे कागद, जखमी असेल तर डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, अपंगत्व आलं असेल तर सर्टिफिकेट. आणि ड्रायव्हरचा पीएम रिपोर्ट सोडू नका, अटॅक आधी की अपघात आधी हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

मालक स्वतःच चालवत होता आणि गेला तर त्याच्या घरच्यांना थर्ड पार्टीतून काही नाही, कारण तो थर्ड पार्टी नाहीच. त्यांच्यासाठी 15 लाखांचा पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर, तोही घेतला असेल तर आणि मृत्यू अपघाती जखमांनी झाला असेल तर. पीएममध्ये हृदयविकार हेच कारण आलं की तो क्लेम कंपनी बहुतेक नाकारते.