पार्श्वभूमी : पूर, रुग्णालये आणि विधिमंडळातला प्रश्न

पावसाळी अधिवेशनात पुरावर विचारलेला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, बहुधा आदल्या वर्षीच्या पुराचा असतो. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावी लागते. ती स्वीकारली की विभागाकडे जाते, विभाग जिल्ह्याकडून माहिती मागवतो आणि मग उत्तर छापून सभागृहात येते. अधिवेशन बहुधा जून-जुलैत होते, तर कृष्णा आणि पंचगंगेचे मोठे पूर जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये येतात. त्यामुळे पाणी चढते तेव्हा सभागृहाला बहुतेक कुलूप असते. गेल्या काही वर्षांतले वाद समजून घ्यायचे तर आधी हे वेळापत्रक लक्षात घ्यावे लागते.

प्रश्न विचारण्याचा अधिकार तसा जुना. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलची पहिली बैठक १८६२ सालची, पण सदस्यांना सरकारला प्रश्न विचारता येऊ लागले ते १८९२च्या कायद्याने, तेही उपप्रश्नाविना, म्हणजे मिळालेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न न विचारता. चार वर्षांनी मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. मिळेल ते उत्तर ऐकून खाली बसायचे, एवढीच सदस्यांची मुभा होती. १९०९ साली मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला, १९१९च्या सुधारणांनंतर तो इतर सदस्यांनाही मिळाला. त्याच सुधारणांत आरोग्य ‘सोपीव’ खात्यांत गेले आणि पाटबंधारे ‘राखीव’ राहिले. म्हणजे दवाखान्याबद्दल उत्तर देणारा मंत्री कौन्सिलला जबाबदार होता, कालवे-बंधाऱ्यांबद्दल उत्तर देणारा नव्हता. राज्यघटनेने आरोग्य आणि बंधारे दोन्ही राज्यसूचीत आणले. तातडीच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी, लोकसभेत १९५४ साली सुरू झालेली लक्षवेधी सूचना पुढे राज्यांनीही उचलली, आणि महाराष्ट्रात तर ती तारांकित प्रश्नाहून जास्त गाजते. कारण साधे आहे : काल घडलेली गोष्ट आज मांडण्याची तीच एक बऱ्यापैकी खात्रीची वाट आहे.

तारांकित प्रश्नाचा साचा मात्र ठरलेला. अमुक जिल्हा रुग्णालयात अमुक पदे रिक्त असल्याचे माहे अमुक मध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर येते : ‘अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. कागदावर संवाद इथेच संपतो. खरी चौकशी सुरू होते ती उपप्रश्नात. रिक्त पदे किती ते छापील उत्तरात असते. ती भरणार कधी, ते मंत्र्याला उभे राहून सांगावे लागते. तिथे तारीख दिली की ते आश्वासन ठरते आणि मंत्र्यांची आश्वासने पाळली जातात का ते पाहणाऱ्या आश्वासन समितीच्या यादीत जाते. त्यामुळे छापील उत्तर आणि तोंडी उत्तर यांत फारसा फरक नाही, असे म्हणणाऱ्यांना प्रश्नोत्तराचा तास कळलेलाच नाही.

२०१९चे पावसाळी अधिवेशन १७ जून ते २ जुलै असे झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि २००५चा उच्चांक मोडला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून गावकरी बुडाले. त्याच आठवड्यात मोफत धान्याचा शासन निर्णय निघाला : घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर कुटुंबाला १० किलो गहू, १० किलो तांदूळ. ‘दोन दिवस’ कुठून आले आणि दीड दिवस पाण्यात असलेल्या घरातले पीठ कोरडे राहते काय, हे विचारायला सभागृह भरलेले नव्हते. मग निवडणूक लागली आणि सरकार बदलले. अधिवेशन नागपुरात १६ डिसेंबरला सुरू झाले आणि २१ तारखेला आटोपले. ज्यांनी धान्याची अट घातली ते तोवर विरोधी बाकांवर होते आणि उत्तर द्यायची पाळी दुसऱ्यांवर आली होती.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचेही तेच. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा वाद लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगलीच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. सांगली-कोल्हापुरात ते अनेकांना आजही पटलेले नाही. दर अधिवेशनात हा विषय प्रश्न, लक्षवेधी अशा कुठल्या ना कुठल्या आयुधाने येतोच.

सगळ्यात वादग्रस्त निर्णय मात्र २०२० आणि २०२१चा. विधिमंडळाचे २०२०चे पावसाळी अधिवेशन ७ आणि ८ सप्टेंबर असे दोनच दिवसांचे झाले. प्रश्नोत्तराचा तास नव्हता, लक्षवेधी नव्हत्या. राज्यातले करोनाबाधित तेव्हा नऊ लाखांच्या पुढे गेले होते. पुरवणी मागण्या आणि विधेयके मात्र मंजूर झाली. त्यानंतर आठवड्याभरात, १४ सप्टेंबरला, संसदेचे अधिवेशन सुरू झाले. तिथेही प्रश्नोत्तराचा तास वगळला होता, फक्त लेखी उत्तरे चालू ठेवली होती. त्यामागचे एक कारण असे की, मंत्र्यांना माहिती पुरवायला अधिकारी मोठ्या संख्येने येतात आणि गर्दी होते. १९६२च्या युद्धकाळात हा तास वगळल्याचा दाखलाही दिला गेला.

संसर्गाची भीती खोटी नव्हती, आमदारही आजारी पडत होते. तरी हा युक्तिवाद टिकत नाही. विधेयकासाठी सभागृह बसू शकते, तर खाटा, रेमडेसिविर आणि ऑक्सिजनवर तासभर प्रश्न घेण्यासाठीही बसू शकते. अंतर राखून बसायची व्यवस्था दोन्हींना सारखीच लागते. महाराष्ट्रात ज्यांनी हा तास वगळला त्यांचेच सहकारी दिल्लीत तो वगळल्याबद्दल निषेध करत होते, आणि दिल्लीत ज्यांनी वगळला त्यांचे सहकारी मुंबईत. सत्तेत असताना प्रश्न नको आणि विरोधात असताना प्रश्न हवा, हे दोन्ही बाजूंनी एकाच महिन्यात दाखवून दिले.

मार्च २०२१चे अर्थसंकल्पी अधिवेशन १० तारखेला संपले. २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठा खंडित होऊन विसाहून अधिक रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. यानंतर विधिमंडळ पहिल्यांदा भरले ते ५ आणि ६ जुलैला, पुन्हा दोनच दिवस, पुन्हा प्रश्नांविना. त्या दोन दिवसांची आठवण आज भाजपच्या बारा आमदारांच्या निलंबनासाठीच काढली जाते; नाशिक आणि विरारवर एकही तारांकित प्रश्न पुकारला गेला नाही, ही आठवण कुणी काढत नाही. त्याच महिन्यात, २० जुलैला, राज्यसभेत केंद्राचे लेखी उत्तर आले की, ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळवलेली नाही. आरोग्य हा राज्याचा विषय, हेही त्यात होते. म्हणजे दिल्लीने राज्यांकडे बोट दाखवले आणि राज्याच्या सभागृहात विचारायची सोयच ठेवली नव्हती.

त्यानंतर दोन दिवसांनी, २२ जुलैला, चिपळूण बुडाले आणि महाडजवळच्या तळीयेवर दरड कोसळली. चिपळूणमध्ये पाणी कोविड रुग्णालयात शिरले, वीज गेली आणि तिथले रुग्ण दगावले. हा प्रश्न कुणाला विचारायचा? धरणाच्या विसर्गाचे उत्तर जलसंपदा विभाग देणार, नुकसानभरपाईचे मदत व पुनर्वसन, शहरातल्या बांधकामांचे नगरविकास, रुग्णांचे सार्वजनिक आरोग्य. एका प्रश्नाला उत्तर देणारा विभाग एकच असतो आणि प्रश्न एका विभागाकडून दुसऱ्याकडे वर्ग होण्यात दिवस जातात. अधिवेशन भरले डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पाच महिन्यांनी. तोवर चिपळूणमधली चर्चा पूररेषेवर आली होती. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्ही रेषांच्या मध्ये अटी. अर्धी बाजारपेठ रेषेच्या आत गेल्यावर लोक रेषा बदलून मागू लागले, आणि आमदारांचे प्रश्नही पूर रोखण्यापेक्षा रेषा सरकवण्याकडे वळले.

आरोग्यातही खात्यांची फाळणी अशीच नडते. ऑगस्ट २०२३मध्ये ठाण्याच्या कळव्यात एका रात्रीत झालेले मृत्यू महापालिकेच्या रुग्णालयातले. ऑक्टोबरमध्ये नांदेडला २४ तासांत २४ रुग्ण गेले ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांच्या कक्षेत यांपैकी एकही थेट येत नाही. नातेवाइकांना मात्र ते सरकारी दवाखानेच. नागपूरचे अधिवेशन ७ डिसेंबरला सुरू झाले, नांदेडनंतर दोन महिन्यांनी.

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले तेव्हाही पावसाळी अधिवेशन १८ जुलैलाच उरकले होते. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज सभागृहाबाहेर जाहीर झाले. त्यातले नवे किती आणि आधीच्याच योजनांतले किती, हे विचारायला आमदारांना नागपूरच्या डिसेंबर अधिवेशनापर्यंत थांबावे लागले. ते एका आठवड्याचे होते आणि तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता.