मोटारशर्यत अभियांत्रिकी व विशेष वाहने

शर्यतीच्या मोटारी घडविताना जमा झालेले ज्ञान विशिष्ट कामासाठी थोड्या संख्येने तयार होणाऱ्या वाहनांना लावण्याची प्रथा. वजनाची काटकसर, स्प्रिंग व धक्काशोषक यांची जुळणी, टायर व जमीन यांचा संबंध आणि धावत्या वाहनावरील मापन ही या ज्ञानाची मुख्य अंगे होत. रुग्णवाहिका, सुरुंगरोधी वाहने, फवारणीयंत्रे व काही प्रकारचे ट्रॅक्टर यांना त्याचा लाभ झाला आहे. शर्यतीचा संघ एखाद-दुसरेच वाहन, ठरलेल्या तारखेच्या आत, कामगिरी मोजून घडवितो. विशेष वाहनांच्या कामाचीही रीत हीच असल्याने दोघांचे जमते. प्रस्तुत नोंदीत ग्रामीण विदर्भातील जमीन, रस्ते व शेतीकाम यांच्याशी संबंध येणाऱ्या बाबींचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

तंत्राचा प्रवास शर्यतीकडून कामाच्या वाहनांकडे झाला की उलट, याबद्दल मतभेद आहेत. शर्यतीचा पुरस्कार करणारे उत्पादक पहिले मत मांडतात. चारही चाकांना शक्ती देण्याच्या पद्धतीचा इतिहास पाहता मात्र दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या पद्धतीच्या पहिल्या मोटारीचा मान काही जण नेदर्लंड्‌समधील स्पायकर बंधूंच्या मोटारीला (सु. 1903) देतात. विजेवर चालणारी व चाकांच्या तुंब्यांतच मोटर असणारी लोनर-पोर्श (1900) जमेस धरल्यास तो मान तिच्याकडे जातो. वाद बराचसा व्याख्येचा आहे. 1932 मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरलेल्या मिलर बनावटीच्या चारचाकशक्ती मोटारीमागे अमेरिकेतील एक ट्रक बनविणारी कंपनी होती. 1961 मध्ये इंग्लंडमधील औल्टन पार्क येथे स्टर्लिंग मॉस यांनी चालविलेली ‘फर्ग्युसन पी 99’ ही फॉर्म्युला वनच्या नियमांखालील शर्यत जिंकणारी एकमेव चारचाकशक्ती मोटार मानतात (ती शर्यत विश्वविजेतेपदाच्या मालिकेतील नव्हती). या मोटारीमागील हॅरी फर्ग्युसन (1884–1960) यांची खरी कीर्ती ट्रॅक्टरची आहे. ट्रॅक्टरला मागून नांगर वा वखर उचलून धरणारी तीन बिंदूंची जोडणी त्यांनी रूढ केली. यवतमाळ-वाशीमकडे शेतकरी जिला नुसते ‘हायड्रोलिक’ किंवा ‘लिफ्ट’ म्हणतो ती हीच. 1980 मध्ये आलेल्या आउडी क्वाट्रो या रॅलीतील (खडतर रस्त्यांवरील मोटारशर्यतीतील) नामांकित मोटारीची कल्पनाही फोक्सवॅगनच्या ‘इल्टिस’ या लष्करी गाडीच्या बर्फातील चाचण्यांवरून सुचली. वायुगतिकी, कार्बनतंतूंची बांधणी व मापनपद्धती यांबाबत मात्र ओघ शर्यतीकडून बाहेर वाहिला, यात फारसे दुमत नाही. मॅक्लारेनची कार्बनतंतूंच्या एकसंध सांगाड्याची मोटार 1981 मध्ये धावली. या साहित्याचा वापर इतर वाहनांत त्यानंतर वाढत गेला.

दोन्ही ओघ एकत्र आल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘जेसीबी डीझेलमॅक्स’ ही वेगाच्या विक्रमासाठी बनविलेली मोटार. खोदयंत्रात वापरल्या जाणाऱ्या 444 या डीझेल इंजिनावरून सिद्ध केलेली दोन इंजिने तीत होती. ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर अँडी ग्रीन यांनी ती ताशी सु. 563 किमी. वेगाने चालविली. शेततळे खोदण्यापासून पांदण मोकळी करण्यापर्यंत गावोगाव दिसणारे पिवळे यंत्र याच घराण्यातले. त्याच कंपनीचा दोन्ही आसांना स्प्रिंगा असलेला ‘फास्ट्रॅक’ ट्रॅक्टर 1991 च्या सुमारास आला. साध्या ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला स्प्रिंग नसते. टायरमधील हवा हीच त्याची स्प्रिंग.

विदर्भातील काळी माती हा या तंत्राचा कठीण परीक्षक म्हणावा लागेल. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. टायरचा जमिनीवरील सरासरी दाब स्थूलमानाने त्यातील हवेच्या दाबाइतका असतो, म्हणून चिखलात हवा कमी करून टेकण्याचे क्षेत्र वाढविणे हा रॅलीचालकांचा व ट्रॅक्टरचालकांचा समान उपाय आहे. लोखंडी धाव बसविलेल्या बंडीचे अरुंद चाक पावसाळ्यात पांदणीत फसते ते याच कारणाने. हवेचे टायर असलेली ‘डनलॉप’ बंडी तेथून निघते.

शर्यतीचे वाहन वेगळे, कामाचे वेगळे, ही जाण विदर्भात शंकरपटामुळे (बैल जुंपलेल्या छकड्यांच्या शर्यतीमुळे) जुनीच आहे. पटाचा छकडा मालवाहू बंडीहून पुष्कळ हलका असतो व त्यावर धुरकऱ्याखेरीज (हाकणाऱ्याखेरीज) भार नसतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विशेष प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निर्णयानंतर अशा शर्यती बंद पडल्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. छकडा घडविणाऱ्या सुतार-लोहारांचे कसब मोटारशर्यत अभियांत्रिकीच्या व्याख्येत बसविण्याचा मोह टाळलेला बरा. तरी जिथे ताण नाही तिथले लाकूड तासून काढणे हे सूत्र दोन्हींकडे एकच आहे.

फवारणीयंत्र हे पाहता निलंबनाचे (सस्पेन्शनचे, म्हणजे स्प्रिंग व धक्काशोषक यांच्या जुळणीचे) गणित आहे. चाकांतील अंतर 1.5 मी. आणि आडव्या दांडीची एक बाजू 6 मी. धरली, तर एक चाक 10 सेंमी. खड्ड्यात जाताच दांडीचे त्या बाजूचे टोक सु. 45 सेंमी. खाली येते. तुषारमुखे पिकापासून साधारण 50 सेंमी. उंच ठेवायची असल्याने टोक जवळजवळ पिकाला भिडते. एका ठिकाणी औषध दाट, दुसरीकडे विरळ पडते. म्हणून दांडी सांगाड्याला घट्ट न बांधता लोलकासारखी टांगतात व धक्काशोषकांनी तिचा झोका मारतात. उंच कपाशीतील फवारणी आजही बव्हंशी पाठीवरच्या पंपाने होते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हापासून चालक बंदिस्त खोलीत बसेल अशा उंच यंत्रांचा विषय केवळ सोयीचा राहिलेला नाही.

रुग्णवाहतुकीत विल्यम्स या शर्यतसंघाच्या अभियांत्रिकी शाखेने सहभाग घेतलेली ‘बेबीपॉड 20’ ही नवजात बालकांना नेण्याची पेटी उल्लेखनीय आहे. शर्यतीच्या मोटारीत चालकाभोवती असणाऱ्या कवचाच्या धर्तीवर ती कार्बनतंतूंची केली असून तिचे वजन सु. 9 किग्रॅ. आहे. धारणी-चिखलदऱ्याहून मेळघाटातील वळणांनी अमरावतीला न्यावयाच्या बालकांचा विचार करता अशा हलक्या पेटीचे महत्त्व लक्षात येते. विजेवर चालणारी अवजड उबपेटी प्रत्येक गाडीत चढत नाही.

सुरुंगरोधी वाहनांत वजन व संरक्षण यांचा झगडा असतो. तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा ठेवून स्फोटाचा जोर बाजूंना वळवितात. ब्रिटिश लष्कराच्या ‘फॉक्सहाउंड’ या संमिश्र साहित्याच्या तुलनेने हलक्या वाहनाच्या आराखड्यात रिकार्डो या कंपनीचा वाटा होता. मोटारशर्यतीतील अभियंत्यांचा हातभार लागल्याचेही सांगितले जाते. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ 1 मे 2019 रोजी झालेल्या स्फोटात 15 पोलीस व चालक मृत्युमुखी पडले. ते खाजगी वाहनातून जात होते.

शिक्षणाच्या बाजूने, मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे 2007 पासून भरू लागलेल्या बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आडरानात धावणारी एकआसनी गाडी स्वतः बनवितात. नागपूरकडील महाविद्यालयांचे संघही तीत उतरले आहेत. पारंपरिक नियमांनुसार सर्वांना एकाच प्रकारचे लहान इंजिन वापरावे लागते व त्यात फेरफार चालत नाही. त्यामुळे चढाओढ उरते ती वजन, दंतचक्रांचे गुणोत्तर व निलंबन यांचीच.