डेशूट्स नदीत उतरायचं तर पायांवर

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डेशूट्स नावाची नदी आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत ती कोलंबिया नदीला मिळते. तिच्या खालच्या साधारण १६० किलोमीटरच्या टप्प्यात गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी एक नियम आहे: होडीत बसून मासा धरायचा नाही. होडी फक्त इकडून तिकडे जाण्यापुरती. काठावर लागली की खाली उतरायचं, पाण्यात उभं राहायचं आणि मग गळ टाकायचा. त्यामुळे मॉपिनसारख्या छोट्या गावातून जे गाइड लोकांना नदीवर घेऊन जातात, त्यांची निम्मी विद्या पाण्यात उभं राहण्याचीच असते. माशाची विद्या त्यानंतर.

मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. माणूस चालत पोचू शकत नाही तेवढी नदी आपोआप माशांसाठी राखीव राहते, त्यासाठी वेगळा पहारा लागत नाही.

वाहत्या पाण्यात उभं राहणं दिसतं तितकं सोपं नाही. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा पाणी मांडीपर्यंत आहे, वेग सेकंदाला एक मीटर आहे आणि पायांचा प्रवाहासमोर येणारा भाग ढोबळमानाने ०.२ चौरस मीटर आहे. तर पायांवर सुमारे १० किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला की तोच जोर ४० किलोवर जातो. शिवाय पाणी आपल्याला वर उचलत असतं, म्हणजे तळाच्या दगडांवर पडणारा आपला भार कमी होतो आणि त्याबरोबर तळव्यांची पकडही. ढकलणारा जोर वाढतोय आणि धरून ठेवणारा घटतोय, अशा दुहेरी कात्रीत माणूस उभा असतो. तळाला बेसॉल्टचे शेवाळलेले गोटे असले की विचारायलाच नको. (बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. पावसाळ्यात ओढा ओलांडलेल्या कुणालाही तो काय चीज आहे ते सांगावं लागणार नाही.)

म्हणून गाइड पहिल्यांदा शिकवतो ते आडवं उभं राहायला. छाती प्रवाहाकडे नको, कूस प्रवाहाकडे. म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या आडोशाला जातो आणि पाण्यासमोरचं क्षेत्रफळ जवळपास निम्मं होतं. पाऊल उचलायचं नाही, तळावर सरकवायचं. हातात काठी, बुटांच्या तळाला खिळे. छातीपर्यंत येणाऱ्या जलरोधक विजारीला, म्हणजे वेडर्सना, कमरेशी पट्टा आवळायचा. वेडर्समध्ये पाणी शिरलं की माणूस दगडासारखा बुडतो, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांची घनता एकच, त्यामुळे पाण्याखाली त्या पाण्याचं वजन जाणवत नाही. जाणवतं ते बाहेर पडताना, पाय वर काढताना. पट्टा पाणी आत येऊ देत नाही आणि थोडी हवा अडकवून ठेवतो, एवढंच त्याचं काम.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो मासा म्हणजे स्टीलहेड.

स्टीलहेड ही वेगळी जात नव्हे. रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड एकच, शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस. मनालीला किंवा तीर्थन खोऱ्यात गेलेल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या ताटात तळून येतो तो रेनबो ट्राउट याच जातीचा. फरक जगण्याच्या रीतीचा आहे. काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, काही चंदेरी होऊन समुद्रात जातात, तिथे एक-दोन वर्षं खाऊन-पिऊन तगडी होतात आणि अंडी घालायला माघारी येतात. डेशूट्समध्ये दोन्ही प्रकार आहेत. नदीतच राहणाऱ्यांना तिथले लोक रेडसाइड म्हणतात. एकाच खळाळात दोन वितींचे ट्राउट आणि त्यांच्या शेजारी अडीच-तीन किलोचा समुद्र पाहून आलेला भाऊबंद, असं दृश्य असतं.

पण ते खरंच एकमेकांचे भाऊबंद आहेत का, हे शास्त्रज्ञांनी माशाच्या कानातल्या खड्यावरून शोधलं. या खड्यात झाडाच्या खोडासारखे थर साठत जातात. त्याच्या अगदी गाभ्यात आईकडून अंड्यात आलेलं द्रव्य असतं. अंडी समुद्रात पोसली गेली असतील तर गाभ्यात स्ट्रॉन्शियमचं प्रमाण जास्त सापडतं. म्हणजे मासा स्वतः समुद्रात गेला की नाही हे तर कळतंच, त्याची आई गेली होती का हेही कळतं. डेशूट्समध्ये तपासलेल्या माशांत स्टीलहेडची आई स्टीलहेड आणि रेडसाइडची आई रेडसाइड निघाली. कॅनडातल्या बाबीन नदीत मात्र थोडी सरमिसळ आढळली. रीत बरीचशी वंशातून येते, पण नुसती वंशातून नाही. पाचव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा काही माशांत उलटा जोडलेला असतो आणि काही नद्यांत त्यावरून समुद्राकडे जाण्याचा कल बराचसा ठरतो. पण तोच तुकडा नर आणि मादीत वेगळा परिणाम दाखवतो. मादीला समुद्र जास्त मानवतो, कारण अंग मोठं तर अंडी जास्त.

चढणीचे मासे आपल्याला ठाऊक आहेत. पहिल्या पावसात ओढ्यातून, भाताच्या खाचरातून वर चढणारे. तीच ओढ इथे शेकडो किलोमीटरची होते. पॅसिफिकचा सॅल्मन, उदाहरणार्थ चिनूक, ही चढण आयुष्यात एकदाच चढतो. नदीत शिरला की खाणं सोडतो, आतडी आकसतात, अंडी घालून झाली की मरतो. स्टीलहेडचं तसं नाही. तो जगू शकतो, पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा येऊ शकतो. कोलंबियाच्या खोऱ्यात मात्र धरणांची रांग दोन वेळा पार करून दुसऱ्यांदा येणारे थोडेच.

आता उन्हाळ्याची गोष्ट. डेशूट्सचा स्टीलहेड जुलैपासून येऊ लागतो आणि अंडी घालतो पुढच्या वसंतात. मधले सात-आठ महिने तो नदीत नुसता राहतो. गंमत म्हणजे नदीच्या मुखाजवळ गळाला लागलेला मासा डेशूट्सचा असेलच असं नाही. तो आणखी वर, आयडाहो राज्याला निघालेला वाटसरूही असू शकतो. कारण सोपं आहे: ऑगस्टमध्ये कोलंबियाचं पाणी २० अंश सेल्सियसच्या वर जातं. गोड्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम असतो, २० अंशांना ९.१. पाणी तापतं तसा ऑक्सिजन घटतो, आणि थंड रक्ताच्या माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढते. मग हे मासे वाटेतल्या गार उपनद्यांच्या तोंडाशी थांबतात, कधी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कोलंबियावरच्या अशा थंड आसऱ्यांचा आराखडा २०२१ मध्ये काढला. त्यातल्या मुख्य जागांत डेशूट्स आहे.

काही वाटसरू पुढे जातच नाहीत, आणि त्यामागे माणसाचा हात आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आर्थर हॅसलर यांनी १९५० च्या सुमारास मांडलं की सॅल्मन आपली नदी वासाने ओळखतो. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने कोहो सॅल्मनची पिल्लं मॉर्फोलिन या रसायनाचा वास देऊन वाढवली आणि लेक मिशिगनमध्ये सोडली. मोठे झाल्यावर हे मासे ज्या ओढ्यात मॉर्फोलिन टाकलं होतं त्यात शिरले. समुद्राकडे जाताना पिल्लू वाटेवरचे वास एकामागून एक टिपत जातं आणि येताना तीच माळ उलटी ओढतं. पण आयडाहोकडून येऊन कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीतली बरीच पिल्लं धरणांच्या टर्बाइनच्या पात्यांपासून वाचावीत म्हणून बार्जमध्ये, म्हणजे मालवाहू होडीत, भरून खाली नेली जातात. जीव वाचतो, वाटेवरच्या वासांची नोंद मात्र अर्धवट राहते. अशी बार्जने गेलेली पिल्लं मोठेपणी जास्त प्रमाणात वाट चुकतात आणि डेशूट्स किंवा जॉन डे नदीत घुसतात, असं खुणा लावलेल्या माशांवरून दिसून आलं आहे.

नदीत मासा नेमका कुठे उभा असेल, हे गाइड पाण्याच्या पाठीवरून ओळखतो. माणूस चालतो साधारण त्या वेगाचं पाणी, कमरेपासून पुरुषभर खोल, खाली मोठाले गोटे. तळाजवळचं पाणी घर्षणामुळे वरच्यापेक्षा संथ असतं आणि गोट्यामागे तर आणखी संथ. मासा तिथे कमी ताकदीत तग धरतो. डोह संपून पाणी पुन्हा खळाळायला लागतं ती शेपटीची जागाही त्याला आवडते. खळाळ चढून आला की दम खायला तो तिथेच टेकतो.

गळ टाकण्याची पद्धत ठरलेली. पिसं आणि दोरा बांधून केलेला नकली किडा, म्हणजे फ्लाय, तिरकस खालच्या अंगाला फेकायचा, प्रवाहाने तो कमानीत आपल्या काठाकडे वाहू द्यायचा. मग दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. काठावर आल्डरची झाडं अगदी पाठीशी असल्यामुळे दोरी मागे झोकायला जागा नसते, म्हणून स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आलेली दोन्ही हातांनी धरायची गळाची लांब काठी इथे रुळली. यात एक अडचण अशी की मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणजे वरून येणाऱ्या माणसाच्या थेट समोर. पाण्यातून बाहेर बघताना त्याला सारं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं; बुटक्या आणि दूरच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपून जातात. म्हणून लांब फेकायचं आणि फार उंचावून उभं राहायचं नाही. कमरेभर पाण्यातला माणूस काठावर उभ्या माणसापेक्षा इथे फायद्यात असतो. आणखी एक गोष्ट उजेडाची. माशाला पापण्या नसतात, बाहुली लहान-मोठी होत नाही. ऊन डोळ्यांवर आलं की वर येणारी चीज त्याला नीट दिसत नाही. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी गाइड घळीच्या भिंतीची सावली ज्या काठावर असेल तिकडे पळतात.

भूक नसताना स्टीलहेड फ्लायला चावतो तरी का? कुणी म्हणतं चीड, कुणी म्हणतं लहानपणी नदीत किडे टिपल्याची सवय. सर्वमान्य उत्तर नाही. मला दुसरं जास्त पटतं, कारण सॅल्मनच्या मानाने स्टीलहेडचं पोट अजून बंद पडलेलं नसतं.

लागलेला मासा ठेवायचा की सोडायचा, ते पाठीवरच्या शेपटीकडच्या छोट्या मांसल पराने ठरतं. हॅचरीतल्या, म्हणजे पैदास केंद्रातल्या, पिल्लांचा तो पर कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा जंगली, आणि तो सोडावाच लागतो. सोडला म्हणजे वाचला असं मात्र नाही. १९९२ च्या एका प्रयोगात दमवलेल्या रेनबो ट्राउटपैकी १२ टक्के मेले. दमवून वर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतल्या माशांवर शस्त्रक्रिया केलेली होती, आणि थंड नदीतले नंतरचे आकडे याहून बरेच कमी आले. तरीही दिशा स्पष्ट आहे. हवेत कल्ल्यांची पातळ पानं एकमेकांना चिकटतात, श्वास थांबतो. फोटोसाठी मासा छातीशी धरून हसणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. चांगले गाइड गळाचा उलटा काटा चेपून ठेवतात आणि मासा पाण्यातच सोडवतात.

२०२१ मध्ये कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणावर मोजलेले स्टीलहेड १९३८ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी भरले. त्या वर्षी ओरेगनने डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारीच बंद केली, गाइडसकट सगळ्यांना. शेरर्स धबधब्याशी मात्र वॉर्म स्प्रिंग्ज राखीव प्रदेशातल्या आदिवासींचे लाकडी मचाण आणि लांब दांड्याची जाळी आहेत, आणि तिथला त्यांचा हक्क अमेरिकन सरकारशी झालेल्या १८५५ च्या तहाचा आहे.