पार्श्वभूमी : बायोकेमिस्ट्री विभागातले ‘नॉन-मेडिकल’

क्लिनिकल केमिस्ट्रीत, म्हणजे रुग्णाच्या रक्त-लघवीच्या रासायनिक तपासणीत, संशोधन करणाऱ्याची प्राध्यापकी आपल्याकडे शोधनिबंधांपर्यंत पोहोचण्याआधीच एका शब्दापाशी अडते : ‘नॉन-मेडिकल’. एमबीबीएस न करता, वैद्यकीय महाविद्यालयातूनच तीन वर्षांची एमएस्सी आणि पुढे पीएचडी केलेल्या शिक्षकाला नियमांची भाषा हेच म्हणते. सकाळी यंत्रावर कंट्रोल (आधीच मूल्य माहीत असलेला नमुना) लावून आलेख तपासणारा, सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लालसर दिसलं की पेशी फुटल्यात, पोटॅशियम खोटं वाढलेलं येणार हे ओळखून नमुना पुन्हा मागवणारा माणूस वैद्यकाबाहेरचा कसा, हे मला कधीच पटलेलं नाही.

पदवीची आडकाठी तशी जुनीच. फॉस्फरस मोजण्याची 1925ची फिस्के–सुब्बाराव पद्धत प्रसिद्ध आहे. त्या नावातले भारतीय संशोधक म्हणजे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांना मद्रासमध्ये खादीच्या आग्रहापायी एमबीबीएसऐवजी दुय्यम एलएमएस पदवी मिळाली. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठानेही कायमची जागा दिली नाही. 1940 मध्ये ते औषध कंपनीत गेले.

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षकांच्या 1998च्या पात्रता नियमांनी बायोकेमिस्ट्रीत 50 टक्क्यांपर्यंत, तर ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, फार्मॅकॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीत 30 टक्क्यांपर्यंत जागा या शिक्षकांना खुल्या ठेवल्या होत्या. एमबीबीएस झालेले डॉक्टर या विषयांकडे फारसे वळत नसत, त्यामुळे ही सोय महाविद्यालयांच्याही गरजेची होती.

ऑक्टोबर 2020 मध्ये नव्या नियामकाने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, हा आकडा बायोकेमिस्ट्री, ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजीसाठी 15 टक्क्यांवर आणला. फार्मॅकॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीत तर शून्य. 2022च्या पात्रता नियमांतही 15 टक्के कायम राहिले. डॉक्टर घडवायचे तर शिकवणाराही डॉक्टरच हवा, हा त्यामागचा युक्तिवाद. तो क्षणभर मान्य केला तरी हिशेब करून पाहा. विभागात सहा जागा असतील तर 50 टक्के म्हणजे तीन माणसं. 15 टक्के म्हणजे 0.9, एक माणूससुद्धा नाही. शिवाय वेळ कोणती, तर कोविडची. फेरिटिन, सीआरपी, एलडीएच या कोविडची तीव्रता जोखणाऱ्या रक्तचाचण्यांचे नमुने रात्रंदिवस बायोकेमिस्ट्रीच्या यंत्रांवर चढत होते, आरटी-पीसीआरचा भार मायक्रोबायोलॉजीवर होता, आणि त्याच वर्षी या विषयांतल्या एमएस्सी-पीएचडीवाल्यांच्या नव्या भरतीची वाट अरुंद झाली किंवा बंदच झाली. जागांअभावी एखादा विषयच पुढच्या पिढीतला संशोधक गमावतो, याचा विचार झालेला दिसत नाही.

लॅबच्या रिपोर्टवर सही कोणी करायची हा वाद वेगळा, पण लोक दोन्हींची गल्लत करतात. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर नोंदणीकृत डॉक्टरचीच सही ग्राह्य धरली. तो प्रश्न खासगी लॅबमधून न्यायालयात गेला होता. प्राध्यापकीशी त्याचा थेट संबंध नव्हता.

जुलै 2025च्या नियमांनी मायक्रोबायोलॉजी आणि फार्मॅकॉलॉजीची दारं एमएस्सी-पीएचडीधारकांना पुन्हा उघडली. बायोकेमिस्ट्री आधीपासूनच यादीत होती. तिथल्या शिक्षकांनी मागितला होता तो जुना 50 टक्के वाटा.