दोन आज्ञांमधली फट

सी भाषेत नवी डिरेक्टरी, म्हणजे आपलं नेहमीचं फोल्डर, तयार करून दुसऱ्याच्या नावावर करायची तर तीन फंक्शनं पुरतात. एमकेडिरनं ती तयार होते, चओननं मालक बदलतो आणि चमॉडनं परवानग्या ठरतात. या तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की प्रोग्रॅम चालतो, तक्रार येत नाही. गडबड होते ती दोन ओळींच्या मधे, आणि ही गडबड चांगली जुनी आहे.

बेल लॅब्सच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सातवी आवृत्ती १९७९ची. तीत डिरेक्टरी तयार करणारा वेगळा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) थेट द्यायची आज्ञाच नव्हती. प्रत्येक डिरेक्टरीत स्वतःकडे बोट दाखवणारी 'एक टिंब' आणि वरच्या डिरेक्टरीकडे नेणारी 'दोन टिंबं' अशा दोन नोंदी लागतात. त्या नसल्या तर फाइल सिस्टिमचं झाड विस्कटतं, म्हणून कच्ची डिरेक्टरी बनवायचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याला होता. मग सामान्य माणसानं काय करायचं? त्याच्यासाठी एमकेडिर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्याला सेटयूआयडी बिट लावलेला असे, त्यामुळे तो कोणीही चालवला तरी रूटच्या ताकदीनं चाले. (या बिटाचं पेटंट युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांच्या नावावर आहे. अर्ज १९७३चा, मंजुरी १९७९ची.)

हा प्रोग्रॅम आधी रिकामी डिरेक्टरी बनवी. ती अर्थातच रूटच्या मालकीची होई. मग तिचं नाव देऊन चओन बोलावलं जाई, की ही आता अमक्याची. या दोन पावलांच्या मधे कर्नल दुसऱ्या कोणाचं काम हाती घेऊ शकतो. यंत्रावर भरपूर ताण असेल तर ही फट चांगलीच रुंदावते. तेवढ्यात कोणी ती कोरी डिरेक्टरी काढून टाकली आणि त्याच नावाची, पण पासवर्ड फाइलकडे नेणारी लिंक (म्हणजे त्या फाइलचं आणखी एक नाव) तिथे ठेवली, तर? चओनला फक्त नाव दिलेलं असतं. त्या नावामागे आता काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पासवर्ड फाइल त्या माणसाच्या नावावर होते, आणि पासवर्ड फाइल हातात आली म्हणजे यंत्रच हातात आलं.

१९८३ साली ४.२ बीएसडीनं, म्हणजे बर्कलीच्या युनिक्सनं, एमकेडिर हा खराखुरा सिस्टिम कॉल केला. डिरेक्टरी तयार होणं, टिंबांच्या दोन्ही नोंदी लागणं आणि मालक ठरणं हे सगळं कर्नलच्या आत एका दमात होऊ लागलं. पण ही सोय स्वतःसाठी डिरेक्टरी बनवणाऱ्याला. रूट म्हणून चालणारा इन्स्टॉलर किंवा मेल सर्व्हर जेव्हा दुसऱ्या कोणासाठी डिरेक्टरी बनवतो, तेव्हा चओन वेगळंच करावं लागतं आणि ती फट पुन्हा उघडते.

चओन मुळात रूटकडेच का, हाही प्रश्न पडतो. स्वतःच्या जमिनीवर कोणाला येऊ द्यायचं हे मालक ठरवतो, पण सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर फेरफार तलाठ्याच्या दप्तरातच नोंदवावा लागतो, तसंच इथे आहे. लिनक्सवर चमॉड मालकाला मोकळं आहे, मालकी मात्र त्याला स्वतः दुसऱ्याला देता येत नाही. एक कारण अगदी व्यवहारी आहे: डिस्कवरची जागा माणशी मोजून दिलेली असेल, तर लोक आपल्या जाडजूड फाइली शेजाऱ्याच्या नावावर करून मोकळे होतील. आणखी एक गोष्ट. कर्नलला नावं कळत नाहीत, तो फक्त आकडे साठवतो. नावावरून आकडा काढायला गेटपीडब्ल्यूनॅम हे फंक्शन आहे. असा वापरकर्ताच नसेल तर ते रिकामा पॉइंटर देतं, आणि तो न तपासता वापरला की प्रोग्रॅम कोसळतो.

आता परवानग्या. फाइलच्या बाबतीत वाचणं, लिहिणं, चालवणं हे शब्द सरळ आहेत. डिरेक्टरीवर त्यांचे अर्थ बदलतात, आणि जाणतेही इथे चकतात. वाचणं म्हणजे आतल्या नावांची यादी बघणं. चालवणं म्हणजे डिरेक्टरीतून आत जाणं. परवानग्या आकड्यांत देतात: शेवटचे तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि परके यांचे, आणि त्यांत वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ अशी बेरीज. एखाद्या डिरेक्टरीला ०७११ दिलं तर परक्याला आतली यादी दिसत नाही, पण नेमकं नाव ठाऊक असेल तर तो तिथवर पोचतो. लिहिणं म्हणजे नावं घालणं आणि काढणं. त्यामुळे फाइल पुसण्याची परवानगी फाइलवर नसतेच, ती डिरेक्टरीवर असते! फाइलला कोणीही लिहू नये असं बजावून ठेवा. डिरेक्टरीत शिरू आणि लिहू शकणारा ती फाइल खुशाल उडवून देतो. टीएमपी या सार्वजनिक डिरेक्टरीत तर सगळेच लिहू शकतात. म्हणून तिला १७७७ देतात. त्यातला पहिला १ म्हणजे स्टिकी बिट. दुसऱ्याची फाइल पुसायला किंवा तिचं नाव बदलायला तो मनाई करतो.

हे आकडे अष्टमान पद्धतीचे आहेत. सीमध्ये त्यांच्या आधीचं शून्य शोभेचं नसतं. ०७५५ ऐवजी नुसतं ७५५ लिहिलं की कंपायलर ते दशमान समजतो, आणि अष्टमानात ते होतात १३६३. चमॉडला हे दिलं, तर मालकाला स्वतःच्याच डिरेक्टरीची यादी दिसेनाशी होते आणि परक्यांना आत लिहायची मुभा मिळते. कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही.

एमकेडिरला मागितलेल्या परवानग्या जशाच्या तशा मिळतील असंही नाही. प्रत्येक प्रक्रियेला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, एक यूमास्क असतो, बहुधा ०२२. त्यातले बिट मागणीतून वजा होतात: ०७७५ मागा, हातात ०७५५ पडतं. यावर यूमास्क तात्पुरता शून्य करण्याची युक्ती सांगितली जाते. ती मला मुळीच पटत नाही. यूमास्क अख्ख्या प्रक्रियेचा एकच असतो, त्यामुळे त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडनं (त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यानं) बनवलेल्या फाइलीही सताड उघड्या पडू शकतात.

त्यापेक्षा कंजूषपणे सुरुवात करावी. डिरेक्टरी ०७०० नं बनवायची. मग ती ओपननं उघडायची, आणि उघडताना ओ-डिरेक्टरी व ओ-नोफॉलो हे दोन झेंडे लावायचे, म्हणजे तिथे डिरेक्टरीऐवजी फाइल किंवा सिम्बॉलिक लिंक (दुसरीकडे नेणारी नुसती पाटी) असेल तर ओपन नकार देतो. हाती येतो तो फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या वस्तूचा क्रमांक. नावामागची वस्तू बदलता येते, पण उघडलेला डिस्क्रिप्टर त्याच एका वस्तूला धरून राहतो. डिस्क्रिप्टरवरून माहिती देणाऱ्या एफस्टॅटनं खात्री करायची की ही आपणच बनवलेली दिसते: मालक रूट, परवानग्या ०७००. मग नावाऐवजी डिस्क्रिप्टर घेणाऱ्या एफ-चओननं मालकी द्यायची आणि शेवटी एफ-चमॉडनं हव्या त्या परवानग्या. एफ-चमॉड यूमास्कला जुमानत नाही. गटाच्या सामाईक कामासाठी २७७५ मधला सेटजीआयडी बिट (आत बनणाऱ्या फाइली डिरेक्टरीच्याच गटाच्या करणारा) हवा असेल तर तोही इथेच लावायचा, कारण लिनक्सवर एमकेडिर त्याची मागणी मनावर घेत नाही. आणि प्रत्येक पावलाला उलट उत्तर काय आलं ते तपासायचं.

एमकेडिर आणि ओपन यांच्या मधे बारीकशी फट तरीही उरते, कारण एमकेडिर डिस्क्रिप्टर देत नाही. ती बुजवायला फंक्शन नाही. वरची डिरेक्टरी परक्यांना लिहिता येणार नाही अशी असायला हवी, मग अदलाबदल करणार कोण? वाटेतल्या डिरेक्टऱ्यांवर भरवसा नसेल तर ओपनअ‍ॅटनं एकेक पायरी उघडत खाली उतरावं लागतं.

पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेस तर हे सगळं आपण नीट केलंय यावर विसंबतच नाही. युनिक्सवर सुरू होताना तो आपली डेटा डिरेक्टरी तपासतो. मालक वेगळा निघाला, किंवा परवानग्या ०७०० किंवा ०७५० पेक्षा सैल असल्या, तर तो सुरूच होत नाही. त्यातली ०७५० ची सवलतही २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीपासूनची. त्याआधी गटालाही आत डोकावायला बंदी होती.