सीडीला आपली गाणी ठाऊक नसतात

सोलापुरातल्या घरातला सीडींचा जुना साठा बाहेर काढला तर त्यात काय निघेल याचा नेम नाही. पंढरपूर जवळ, म्हणजे अभंग असणारच. त्याखाली सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं, पूर्व भागातल्या शेजाऱ्यांकडून आलेली आणि परत द्यायची राहून गेलेली तेलुगू सिनेमाची गाणी, एखादी कव्वाली, भावगीतांचे संच. सीडी प्लेयर कधीच बंद पडलेला असतो. मग हे सगळं एकदाचं संगणकात उतरवायचं आणि घरच्या वाय-फायवरून मोबाइलवर ऐकायचं, असा बेत ठरतो. इंटरनेट नसलेल्या संगणकात पहिली सीडी घातली की पडद्यावर उमटतं: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३.

नावं गेली कुठे? ती तिथे नव्हतीच. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवलं आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. त्या मानकात आवाजाचे आकडे आहेत, गाण्याचं नाव नाही. ते कव्हरवर छापलेलं असे, तेवढं पुरे होतं. आपल्या चादरी विणायच्या मागावर नक्षीसाठी जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे असतात ना, तसंच हे. कुठला धागा वर उचलायचा हे पुठ्ठ्याला कळतं, पण चादरीवर मोर उतरतोय की वेल, याचा त्याला पत्ता नसतो.

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजून ठेवलेली असते, तीही डाव्या-उजव्या बाजूसाठी वेगवेगळी आणि प्रत्येक माप १६ बिटांचं. गुणाकार केला तर सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे एका मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट. याशिवाय तबकडीच्या आतल्या कडेला एक छोटी अनुक्रमणिका असते. गाणी किती आणि कुठलं गाणं कुठे सुरू होतं, एवढंच तिच्यात असतं. जागा मोजायचं एकक आहे सेकंदाचा ७५वा भाग.

या अनुक्रमणिकेवरूनच एक झकास युक्ती निघाली. दहा-बारा गाण्यांच्या सुरुवातीच्या जागा सेकंदाच्या ७५व्या भागापर्यंत तंतोतंत जुळाव्यात, असं दोन वेगळ्या सीडींच्या बाबतीत सहसा घडत नाही. म्हणजे त्या आकड्यांपासून सीडीचा ओळखक्रमांक बनवता येतो. कुणीतरी एकदा नावं टाइप करून त्या क्रमांकाखाली जमा करायची, पुढच्याला ती आयती मिळतात. १९९० च्या दशकात सीडीडीबी ही अशी यादी लोकांनीच भरली. पुढे ती खासगी मालकीची झाली, तेव्हा म्युझिकब्रेन्झ हा खुला कोश उभा राहिला. आज सीडी उतरवणारी बहुतेक सॉफ्टवेअरं नावं आणतात ती अशाच कोशांतून. मात्र कोशात तेवढंच सापडणार, जेवढं कुणीतरी भरलंय. गाजलेल्या हिंदी चित्रपटाची सीडी चटकन ओळखली जाते. गावातल्या भजनी मंडळाने काढलेली सीडी कोण भरणार? ती आपणच भरावी, हे उत्तम.

उतरवताना कुठल्या स्वरूपात ठेवायचं, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. फ्लॅक घ्या. त्यात आवाजाचा एकही आकडा गमावला जात नाही आणि फाइल मूळच्या साधारण निम्म्या-पाऊण आकाराची होते. एमपी३ मात्र कानाला कमी जाणवणारा भाग कायमचा टाकून देतं. फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही करता येतं, उलटा प्रवास होत नाही.

खरी मजा, आणि खरा मनस्ताप, नावं भरताना सुरू होतो. फाइलच्या आत दडलेली ही नोंद म्हणजे टॅग. १९९६ मध्ये एमपी३साठी पहिल्यांदा टॅग आला तो १२८ बाइटांचा, फाइलच्या शेपटीला चिकटवलेला. त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट होते. रोमन लिपीत ही ३० अक्षरं होतात. अक्षरं साठवायला आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे त्या जागेत आपली दहाच चिन्हं मावली असती. ‘विठ्ठल’ लिहिण्यातच सहा खर्च होतात! अर्थात तो साचा पश्चिम युरोपीय अक्षरांसाठीच बेतलेला होता. पुढच्या आवृत्त्यांनी टॅग फाइलच्या सुरुवातीला नेला, ही मर्यादा काढली आणि युनिकोडला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाला, जागा दिली.

तरी जुन्या फाइलीत कधीकधी नावाच्या जागी भुतं दिसतात. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, मग एखादं चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ए. हा कचरा नाही, हे देवनागरीच आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ती युरोपीय अक्षरं समजून वाचली की दर तिसऱ्या जागी तोच ए उगवतो. अशी फाइल पुसून नव्याने टाइप करत बसू नका. टॅग सुधारणाऱ्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये वाचनाची पद्धत बदलली की नाव बहुधा जसंच्या तसं परत येतं.

याहून बेरकी प्रकार ‘किनाऱ्यावर’ सारख्या शब्दात असतो. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धतही त्यांना एक मानत नाही. ‘ॲ’चंही तेच: एकसंध अक्षर वेगळं, ‘अ’वर चंद्र चढवलेला वेगळा. म्हणून डोळ्यांसमोर असलेलं गाणं शोधात सापडत नाही आणि आपण सर्व्हरला, म्हणजे मोबाइलवर गाणी पुरवणाऱ्या घरच्या संगणकाला, शिव्या घालतो. उपाय एकच: सगळे टॅग एकाच कीबोर्डवरून लिहायचे आणि बाहेरून आलेल्या टॅगमधले ‘ऱ्य’ एकदा शोधून बदलून टाकायचे.

अनुक्रमातही गंमत आहे. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे, ‘व’च्या आधी बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. निव्वळ क्रमांकांवर चालणाऱ्या यादीत आधी रोमन, मग उर्दू, मग देवनागरी, त्यानंतर तेलुगू आणि शेवटी कन्नड अशी रांग लागते. घरात चार भाषा नांदत असतील तर गायकांची यादी चार वेगळ्या गठ्ठ्यांत पडते. यासाठी टॅगमध्ये ‘क्रमनाव’ म्हणून वेगळा रकाना असतो. दाखवायचं नाव एक, रांगेत लावायचं दुसरं. वचनांचं नाव कन्नड लिपीत आणि क्रमनाव घरातल्या सगळ्यांना वाचता येईल त्या लिपीत, ही वाटणी मला सगळ्यात सोयीची वाटते.

आता मुख्य तिढा: गाणं कुणाचं लिहायचं? टॅगचा साचा पाश्चात्त्य बँड डोळ्यांसमोर ठेवून घडला, जिथे लिहिणारे, चाल लावणारे आणि गाणारे बऱ्याचदा तेच. आपल्याकडे गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन माणसं, आणि घरातला प्रत्येक जण वेगळ्याच नावाने गाणं शोधतो. या तिघांसाठी वेगळे रकाने आहेत, पण सॉफ्टवेअर आपणहून भरतं ते बहुधा गायकाचंच. मराठी भावगीताला गीतकाराचा रकाना रिकामा ठेवणं हा मला अन्याय वाटतो. अभंगाचं तर आणखी अवघड. तुकाराम, संत तुकाराम, तुकाराम महाराज ही सर्व्हरच्या मते तीन माणसं. लता मंगेशकरांनी काही मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावाने; ती नोंद कुठे ठेवायची? म्युझिकब्रेन्झमध्ये छापलेलं नाव आणि त्यामागची व्यक्ती वेगळी नोंदवता येते. घरी निदान एक नियम ठरवावा आणि तो मोडू नये.

याच साच्यातला एक रकाना विसरला की फजिती ठरलेली. तो म्हणजे अल्बमचा कलाकार. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं तेव्हा त्यातली ५६ गीतं अनेक गायकांनी गायली, पुढे सुधीर फडक्यांनी स्वतः ती सगळी गायली. अनेक गायकांचा असा संच उतरवून फक्त गायक भरले तर सर्व्हर त्याचे गायकागणिक तुकडे पाडू शकतो. अल्बमचा कलाकार सगळ्या गाण्यांना सारखा दिला आणि कितवी तबकडी हेही भरलं की क्रम शाबूत राहतो.

रागदारीसाठी तयार रकाना बहुतेक ठिकाणी नाहीच. फ्लॅकमध्ये मात्र हवा तो रकाना स्वतः बनवता येतो. त्याचं नाव रोमन अक्षरांत द्यावं लागतं, मजकूर कुठल्याही लिपीत. राग, ताल, विलंबित की द्रुत, सगळं लिहा. जेनेरच्या, म्हणजे संगीतप्रकाराच्या, रकान्यात ‘वर्ल्ड म्युझिक’ आलं असेल तर ते आधी पुसा.

घरचा सर्व्हर हा यातला सोपा भाग आहे. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक पुरतो. नॅव्हिड्रोम, जेलिफिन ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. त्यातलं नॅव्हिड्रोम फोल्डरच्या रचनेपेक्षा टॅगवर भिस्त ठेवतं. फ्लॅकचा प्रवाह घरच्या वाय-फायला किरकोळ आहे.

एक सावधगिरी. टॅग फाइलच्या सुरुवातीला असतो आणि त्यामागे थोडी मोकळी जागा राखलेली असते. त्यात न मावणारं कव्हरचं मोठं चित्र चिकटवलं की सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते. शेकडो फाइलींवर हे काम चालू असताना लाईट गेली तर एखादी अर्धवट राहू शकते. म्हणून आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करून ठेवावी. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाच्या आकड्यांवरून काढलेली एक खूणसंख्या साठवलेली असते. सगळा साठा त्या खुणेशी ताडून बघणारी तपासणी रात्री लावून ठेवता येते, आणि सकाळी बिघडलेल्या फाइलींची यादी मिळते. त्यांची प्रतही खराब निघाली तर सीडी पुन्हा उतरवावी लागेल. तेव्हा सीडींचं खोकं इतक्यात भंगारवाल्याला देऊ नका.