क्रॉसओव्हरच्या मापनासाठी माइक कुठे ठेवावा?

क्रॉसओव्हर म्हणजे स्पीकरमधलं सर्किट, जे उंच स्वर ट्विटरकडे (छोट्या ड्रायव्हरकडे) आणि खालचे स्वर वूफरकडे (मोठ्या ड्रायव्हरकडे) पाठवतं. तुम्ही पाठवलेल्या मापनांवरूनच आम्ही त्यातल्या कॉइल आणि कपॅसिटरची मूल्यं ठरवतो. या मापनात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ट्विटर मोजून झाल्यावर माइक खाली वूफरसमोर सरकवणं. दोन्ही आलेख देखणे येतात, पण दोन ड्रायव्हरच्या अंतरातला खरा फरक पुसला जातो. क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला असेल, तर तिथे तरंगलांबी सुमारे १३७ मिमी असते. म्हणजे १ सेंमीची गफलत झाली की फेज (लहरींचा एकमेकींशी असलेला मेळ) २६ अंशांनी चुकते. मग स्क्रीनवर सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात नेमकी क्रॉसओव्हरपाशी खचते.

म्हणून दोन्ही ड्रायव्हर शेवटी वापरायच्या कॅबिनेटमध्येच बसवा. सुट्या ड्रायव्हरच्या मापनात बॅफलच्या (कॅबिनेटच्या पुढच्या फळीच्या) रुंदीचा आणि कडांचा परिणाम येत नाही. माइक ट्विटरच्या मध्यासमोर, बॅफलपासून १ मीटरवर लावा आणि फक्त वायर बदलून आधी ट्विटर, मग वूफर मोजा. मधे माइक, कॅबिनेट, व्हॉल्यूम कशालाही हात लावू नका. वूफरचा मध्य १५ सेंमी खाली असेल तर त्याचा आवाज सुमारे ११ मिमी जास्त चालून येतो. तो फरक मापनात यायलाच हवा. अडीच मीटरवर बसून ऐकताना तो ४.५ मिमी उरतो, त्याचा हिशेब आम्ही इथे करतो. त्यासाठी दोन्ही मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये कळवा.

यूएसबी माइकचं घड्याळ वेगळं चालतं, त्यामुळे वेळेचा संदर्भ टिकत नाही. साधा माइक, दोन चॅनेलचं साउंड कार्ड आणि दुसऱ्या चॅनेलवर लूपबॅक (कार्डाचं आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडणं, म्हणजे वेळेचा संदर्भ मिळतो) ही जोडणी उत्तम. लूपबॅक कार्डाच्या लाइन आउटपुटवरूनच घ्या. अनेक क्लास-डी अॅम्पमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. त्यातलं एक अर्थिंगला जोडलं गेलं तर अॅम्प जाऊ शकतो.

खोलीत छत २.९ मीटरवर असेल तर ट्विटर १.४५ मीटर उंचीवर घ्या. जमीन आणि छत दोन्हींचा पडसाद ६ मिलिसेकंद उशिरा येतो. गेट, म्हणजे मापनातला हिशेबात धरायचा वेळ, त्याआधी बंद करा. मात्र मग साधारण १६५ हर्ट्झच्या खालचं काहीही खरं मानू नका. गच्ची मिळाली तर सोनंच: २ मीटर उंचीवर ९ मिलिसेकंद मिळतात, फक्त कठडा किमान २ मीटर दूर हवा. पुण्यात भल्या पहाटे, रस्ता जागा होण्याआधी मोजा. वारा असेल तर थांबा. माइकचा रोख ट्विटरकडे आणि कॅलिब्रेशन फाइल (माइकच्या चुका दुरुस्त करणारी) ० अंशाची. ९० अंशाची लावलीत तर वरच्या पट्ट्यात ट्विटर खोटा दिसतो. स्टँडचा जाड क्लिप आणि लॅपटॉप माइकच्या मागे, दूर ठेवा.

खालच्या पट्ट्यासाठी माइक वूफरच्या मध्यापासून ५ मिमीवर आणून वेगळं मापन घ्या. साडेसहा इंची वूफरला ते सुमारे ८०० हर्ट्झपर्यंत चालतं. पोर्ट (कॅबिनेटमधली हवेची नळी) असेल तर त्याच्या तोंडाशीही मोजा आणि व्यास कळवा. जवळचं आणि १ मीटरवरचं अशी दोन्ही मापनं आम्ही बॅफल स्टेप (बॅफलच्या रुंदीमुळे खालच्या पट्ट्यात होणारी घट) धरून जोडतो.

ट्विटरचा स्वीप (खालून वर चढत जाणारा मापनाचा सूर) ५०० हर्ट्झपासून, हळू आवाजात सुरू करा. संरक्षणाचा कपॅसिटर लावला असेल तर त्याचं मूल्य फाइलच्या नावातच लिहा. नाहीतर त्याचा उतार आम्ही ट्विटरचाच समजू.